पाळीआधीचा पाला

गुलान महिना, तारीख सहा
कानी माजू

ब्राइम,

नऊ वर्षांनी बहिणीचं पत्र आलं म्हणून हुरळून जाऊ नकोस. ख्यालीखुशाली विचारायला मी लिहीत नाही. तुझी खुशाली मला ठाऊक आहे. सनंदजच्या बाजारात तुझा गाळा आहे, अक्रोडाच्या लाकडाचे सोंगट्यांचे पट करून विकतोस, पोट सुटलं आहे आणि वरचे दोन दात गेले आहेत. हे कुणी सांगितलं ते विचारू नकोस. तुझ्याकडे जाणारी मिनीबस आमच्या गावावरूनच जाते आणि माणसांना तोंडं असतात.

मला एकाच गोष्टीचं उत्तर हवं आहे. गेल्या वर्षी रेझबर महिन्यात, द्राक्षं उतरवायच्या दिवसांत, तू बानेच्या बाजारात आला होतास. तिथून घर दोन तासांवर. घरी आला नाहीस. पण खिदरबरोबर चहाच्या दुकानात बसलास. तीन-तीन पेले चहा झाला तुमचा. पहिल्या पेल्यात माणूस खुशाली विचारतो, दुसऱ्यात हवापाणी बोलतो. तिसरा पेला कशासाठी असतो ते मी सांगायला नको.

खिदरचं रान आपल्या रानाला खेटून आहे. बाबा होते तेव्हापासून आपल्या ओकांवर त्याचा डोळा. बाबा गेल्यानंतर चाळिसाव्या दिवशी मी तुझ्यासमोर कुराण ठेवलं आणि म्हटलं, हात ठेव आणि सांग की माझ्या वाट्याचं रान खिदरला देईन असं मी बोललो नाही. तू हात ठेवला नाहीस. माझ्याकडे बघितलंस, जोडे घातलेस आणि गेलास. त्या दिवसापासून मला जे कळायचं ते कळलं आहे.

आता रानाचं ऐक. यंदा हिरवी अळी आली आहे. अशी आली आहे की पूर्वी कधी आली नव्हती. पान नीट उलगडायच्या आत त्याची सुरळी करून आत बसते आणि आतून कुरतडते. झाडाखाली उभं राहिलं की पानांवर टपटप आवाज येतो. आभाळाकडे बघितलं तर निरभ्र. तो अळ्यांच्या लेंड्यांचा आवाज. डोक्याच्या रुमालावर अळ्या धाग्यांना लोंबकळत उतरतात आणि शेळ्यांच्या पाठी हिरव्या होतात. माझ्याकडे एकोणीस शेळ्या आहेत. हिवाळ्यात चार महिने बर्फ असतं आणि त्या चार महिन्यांत त्यांच्या तोंडात जायला या झाडांच्या पाल्याशिवाय दुसरं काही नाही, हे तू विसरला असशील. शहरात चारा विकत मिळत असेल. इथे पाला नाही तर शेळी नाही, आणि शेळी नाही तर मलाही इथे राहायचं कारण नाही.

खरं सांग. तिसऱ्या पेल्यात काय बोललात?

अस्मर


जोझरदान महिना, तारीख अकरा

ब्राइम,

तुझं पत्र मिळालं. चार ओळी. दात काढायला बानेला गेलो होतो म्हणतोस. सनंदजमध्ये दात काढणारे मेले आहेत काय? आणि दात काढलेला माणूस तीन पेले गरम चहा पितो? बरं खोटं तरी बोलायचं. तू लहानपणीही खोटं बोलताना कान खाजवायचास, पत्रात कान दिसत नाहीत म्हणून वाचलास.

मध आणि चहाची पुडी पाठवलीस ती मिळाली. पुडी उघडली आहे, मध अजून उघडलेला नाही.

अळी गेली. जाताना झाडं अशी करून गेली की काटक्या मोजाव्यात. टेकडीवरून बघितलं तर भर वसंतात, गुलानमध्येच बर्फाळ महिना आल्यासारखं वाटत होतं. पण आपली झाडं चिवट. पंधरा दिवसांत पुन्हा फुटली. तांबूस, लुसलुशीत, बोटाने चुरडता येईल अशी पानं. मी म्हटलं, चला, निभावलं.

आणि मग तू पत्राच्या शेवटी मला विचारतोस, यंदा ओढ्याकाठच्या हिश्श्याची पाळी ना?

तुला का हवं आहे ते? नऊ वर्षांत रान आठवलं नाही आणि आता पाळी आठवते? आपल्या रानाचे तीन हिस्से आहेत, एक टेकडीवरचा, एक ओढ्याकाठचा, एक मशिदीमागचा. दर वर्षी एकाच्या फांद्या उतरवायच्या आणि बाकीचे दोन वाढू द्यायचे, हे मला बाबांनी शिकवलं तेव्हा तू दुपट्यात होतास. पाळी कुणाची ते मी बघून घेईन. तू उंटावरून शेळ्या हाकू नकोस.

काल खिदर बांधावर भेटला. म्हणाला, "अस्मर, तुझी ओढ्याची झाडं फारच कोवळी फुटलीत गं. माझी बघ, कशी निबर आहेत."

मी म्हटलं, "दृष्ट लावतोस का?"

"दृष्ट कशाला लावू? डोळे अधू झालेत माझे. लावली तरी भलत्याच्याच झाडाला लागेल."

हसला. दात सगळे शाबूत आहेत त्याचे. त्याला माझ्या ओढ्याकडे बघायचं कारण काय, हे मला सांग. तो हिस्सा खोलगट आहे. मुद्दाम वाकून पाहिल्याशिवाय तिथलं काही दिसत नाही.

अस्मर


पुश्पेर महिना, तारीख नऊ

ब्राइम,

मी म्हणत होते ना. कुठेतरी पाणी मुरतंय म्हणत होते ना.

ओढ्याकाठच्या सगळ्या झाडांवर कुणीतरी पांढरी भुकटी टाकली आहे. सगळ्या म्हणजे सगळ्या. कोवळ्या पानांवर पिठासारखी. बोटाने पुसली तर पुसली जाते आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा येते. म्हणजे टाकणारा पुन्हा येतो. पानं आक्रसून वाकडी होताहेत, कडेने तपकिरी पडताहेत. एका शेळीपुढे फांदी धरली तर तिने हुंगली आणि तोंड फिरवलं. शेळीने तोंड फिरवलं, ब्राइम! जी शेळी माझी गोधडी खाते तिने.

बांधाच्या पलीकडे खिदरची झाडं. त्यांच्यावर कुठे कुठे ठिपका आहे नाही असं नाही, पण पानं हिरवीगार आणि कडक. देवाने भुकटी शिंपडली असती तर बांध बघून शिंपडली असती का?

तीन दिवस मी पहाटेपासून खडकामागे बसून राखण केली. तिसऱ्या दिवशी, सूर्य टेकडीवर आला होता, खिदर आला. पाठीवर पोतं. इकडे तिकडे बघितलं आणि आपला बांध ओलांडला. पोत्यातून मुठीने काढून माझ्या झाडावर उधळू लागला. मी उठले. त्याला वाटलं अस्वल उठलं. पोतं टाकून दोन पावलं मागे सरकला.

"काय टाकतोस माझ्या झाडावर?"

"गंधक गं. गंधक."

"कशाला?"

"द्राक्षांना टाकतो ते. म्हटलं तीन झाडांवर टाकून बघावं, हे पांढरं उतरतं का."

"आणि पांढरं कुणी टाकलं?"

"पांढरं कुणी टाकत नसतं, अस्मर. पांढरं येतं."

"येतं! पाहुणा आहे का यायला?"

त्यावर त्याने पोतं उचललं आणि पुटपुटत गेला. मी पोत्यात हात घातला होता. पिवळं होतं, मान्य. पण पिवळं उन्हात उडून पांढरं होत असेल. आणि चोर दोन पोती ठेवत नाही असं थोडंच आहे? एक दाखवायला, एक टाकायला. मुद्दा असा की तो माझ्या हद्दीत आला, माझ्या झाडावर भुकटी टाकताना मी त्याला माझ्या डोळ्यांनी पाहिलं. याहून पुरावा कोणता?

रान वाळलं की शेळ्या जातील, शेळ्या गेल्या की मी जाईन, आणि मी गेले की तू तुझ्या गाळ्यातून मान हलवशील आणि रान खिदरचं. मला तुमचा सगळा डाव दिसतो आहे. तू यात आहेस की नाही एवढंच अजून दिसत नाही.

मध उघडला. साखरेचा नाही असं वाटतं. खात्री नाही.

अस्मर


गेलावेज महिना, तारीख दोन

ब्राइम,

मी प्रकरण मशिदीत नेलं आहे. येत्या शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर खिदरने सगळ्यांसमोर कुराणावर हात ठेवून सांगायचं की माझ्या झाडांना त्याने काही केलं नाही. मुल्ला सईद आधी नको म्हणत होता. "अस्मर, झाडाच्या पानावरून शपथ घ्यायला लावू नये," म्हणाला. मी म्हटलं, मग कशावरून लावायची, तुझ्या दाढीवरून? लोक हसले आणि तो कबूल झाला.

खिदर हात ठेवणार नाही. तू ठेवला नव्हतास तसाच. जोडे घालून निघून जाईल आणि मग गावाला कळेल.

माम वुसू तेवढा हसला नाही. म्हातारा आता झाडावर चढत नाही, पण पालातोडीचा शब्द अजून त्याचाच चालतो. मला म्हणाला, "पोरी, शपथेआधी मला एकदा ते ओढ्याचं रान दाखव." मी म्हटलं, माम, तुझे गुडघे, ती उतरण, कशाला? तो म्हणाला, "गुडघे माझे आहेत." मी उद्या परवा करत टाळलं.

आता तुला एक सांगून ठेवते आणि हे कुणाला वाचून दाखवू नकोस. तुला गावातून कुणी विचारलं तर सांग की गेल्या वर्षी ओढ्याकाठच्या हिश्श्याचीच पाळी होती. टेकडीवरच्या हिश्श्याचं नाव काढू नकोस. का ते विचारू नकोस. मी तुझ्याकडे नऊ वर्षांत काही मागितलेलं नाही.

अस्मर


गेलावेज महिना, तारीख आठ

ब्राइम,

शुक्रवार झाला.

तीन दिवस लेखणी हातात घेऊन ठेवून दिली. आता लिहिते. पुन्हा लिहिणार नाही, त्यामुळे नीट वाच.

मशीद भरली होती. बायका पडद्यापाशी दाटीवाटीने. खिदर आला, धुतलेले कपडे घालून, नवऱ्या मुलासारखा. मुल्लाने कुराण उशीवर ठेवलं. मी मनात म्हणत होते, आता जोडे शोधेल. त्याने उजवा हात ठेवला. अजिबात न थांबता.

म्हणाला, "अस्मरच्या तीन झाडांवर मी गंधक टाकलं. तिला न विचारता टाकलं, ही माझी चूक. ती भुरी, ती पांढरी बुरशी, माझ्या द्राक्षांवर येईल अशी मला भीती होती. याशिवाय मी तिच्या एका पानालाही हात लावलेला नाही."

आणि हात काढून बाजूला सरकला. मी उठून जाणार तर माम वुसू म्हणाला, "आता तुझा हात, पोरी."

आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे. आधी ज्याच्यावर आळ त्याचा हात, मग आळ घेणाऱ्याचा. आळ घेणाऱ्याने सांगायचं की ज्या वस्तूसाठी मी भांडतो तिला मी स्वतः धक्का लावलेला नाही. मलाही ठाऊक होती. पण माझी अशी बालंबाल खात्री होती की खिदर हात ठेवणारच नाही, की गोष्ट माझ्यापर्यंत येईल हे माझ्या मनातच आलं नाही.

मी उशीपर्यंत गेले. हात उचलला. ब्राइम, तो खाली जाईना.

गेल्या रेझबरमध्ये, तू आणि खिदर बाजारात बसलात ते कळलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून, मी ओढ्याकाठचा सगळा हिस्सा तोडला. पाळी टेकडीची होती. टेकडीचा तोडला आणि ओढ्याचाही तोडला, एक वर्ष आधी. ताजं बोडकं झालेलं रान कुणी घेत नाही. तीन वर्षं त्याच्यातून काही निघत नाही म्हणून मोल पडतं. म्हटलं, घे आता, घे काय घ्यायचं ते. सगळं गाव द्राक्षांत गुंतलं होतं. मी एकटी अठरा दिवस तोडत होते. शेंड्याची फांदी ठेवायची असते, तीही ठेवली नाही. पाला इतका झाला की बारा शेळ्यांच्या मी एकोणीस केल्या. गावाला सांगितलं, आईच्या माहेरून मिळाला. कुठलं माहेर? माझं माहेर तेच रान.

मी म्हटलं, "मला ठेवता येत नाही."

मग पडद्याआडून खिदरची बायको फातम म्हणाली, "आता का? माझ्या नवऱ्याचा हात ठेवायला लावताना बरा जोर होता!" तिचं चुकलं नाही.

मग माम वुसू सगळ्यांना घेऊन रानात गेला. दोघांनी त्याला खांद्यांवर आधार देऊन उतरणीवरून नेलं. त्याने एकेक बुंधा हाताने चाचपला. जखमेच्या कडा बघितल्या. पांढरं पान खुडून नखाने खरवडलं.

"ही कुणाच्या हातची नाही," म्हणाला. "ही भुरी. दर वर्षी असते, पण जुन्या पानाचं कातडं जाड, त्यात तिचा दात लागत नाही. कोवळ्यात लागतो. तू वेळेआधी आणि शेंड्यासकट बोडकं केलंस, त्यामुळे यंदा जे आलं ते सगळं पोराच्या कानासारखं कोवळं. त्यावर अळी आली. तिने खाल्लं, मग झाडाने कसंबसं दुसऱ्यांदा फोडलं, तेही कोवळं आणि तेही उन्हाळ्यात. मग भुरी काय उपाशी राहील? खिदरची झाडं तिसऱ्या वर्षाची आहेत. त्यांनाही अळी लागली, पण ती सोसणारी होती."

मी खिदरकडे बघितलं. मी म्हटलं, "तुला ठाऊक होतं?"

"गेल्या वर्षीच. बांधावरून वाकलं की दिसत होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? एकटी बाई, नवरा नाही, भाऊ नाही. आणि तू मला बोलू दिलं असतंस का? म्हणाली असतीस, माझ्या रानात कशाला डोकावतोस."

म्हणालेच असते.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खरं आहे. तीन महिने मी सगळ्या गावात चोर शोधत होते.

निकाल असा: पाळीआधी तोडणाऱ्याची कुऱ्हाड तीन वर्षं खाली. माझी कुऱ्हाड माम वुसूच्या घरी आहे. मी एका फांदीलाही हात लावायचा नाही. त्यामुळे शेळ्या आता विकायच्या. दलाल पुढच्या महिन्याच्या अखेरीस येईल.

तुला हे सगळं लिहिलं कारण दुसऱ्या कुणाकडून कळलं तर तू जास्त हसशील.

अस्मर


खरमानान महिना, तारीख वीस

ब्राइम,

तुझं पत्र दोन पानी आहे. मी ते चार वेळा वाचलं. दोन वेळा राग आला, तिसऱ्या वेळी रडू आलं आणि चौथ्या वेळी पुन्हा राग.

म्हणजे मी खरी होते. तू लिहितोस, "होय, बाबांच्या आजारपणातच मी खिदरला शब्द दिला होता की माझा वाटा तुला देईन. म्हणून हात ठेवला नाही. ठेवला असता तर खोटं पडलो असतो." नऊ वर्षं मला लोक संशयी म्हणाले. तुला मी उगाच घालवलं म्हणाले. आणि मी खरी होते. याचा आनंद व्हायला हवा होता. मी चूल पेटवायला गेले आणि काडी हातात धरून तशीच बसले. मला वाटतं, मला खरं ठरायचंच नव्हतं. तू खोटा नाहीस असं कुणीतरी मला पटवून द्यावं यासाठीच मी नऊ वर्षं भांडत होते.

पुढे तू लिहितोस की गेल्या वर्षी बानेला गेलास तो शब्द मागे घ्यायला. पहिल्या पेल्याला खिदर नाही म्हणाला, दुसऱ्याला गप्प बसला, तिसऱ्याला "जा, दिला सोडून" म्हणाला. आणि मी त्याच तिसऱ्या पेल्यावरून रान बोडकं केलं.

मी खिदरला विचारलं. तोही तसंच म्हणाला, पेल्यांसकट. अर्थात तुम्ही दोघं आधी ठरवूनही सांगत असाल. पण आता मला त्याचा कंटाळा आला आहे.

घरी का आला नाहीस? तू लिहितोस, "दारापर्यंत आलो असतो तर तू पुन्हा कुराण आणलं असतंस." आणलं असतं.

आता कामाचं. दलालाला मी थांबवलं आहे. माम वुसू परवा घरी आला. म्हणाला, "कुऱ्हाड तुझी खाली आहे, शेळ्यांनी काय गुन्हा केला? मशिदीमागचा हिस्सा दोन वर्षांचा आहे. अळीनंतर बरा सावरलाय, कडेला भुरी आहे पण पान जाड आहे, शेळ्या खातील. एक वर्ष लवकर, पण निम्म्या फांद्या ठेवल्या तर झाड मरणार नाही. गाव तेवढी परवानगी देईल. पण तोडायचं त्याच चुलीच्या दुसऱ्या वारसाने. आहे का कुणी?"

मी म्हटलं, विचारून बघते.

तर विचारते. तू येऊन पाला तोडशील का? न येण्याची शंभर कारणं तुझ्यापाशी असतील आणि सगळी खरी असतील. तोडलंस तर रीतीप्रमाणे त्या हिश्श्यावर तुझ्या कुऱ्हाडीची खूण राहील, म्हणजे तो तुझा. उद्या तू तो खिदरला दे, नाहीतर कुणालाही दे, मी तोंड उघडणार नाही. हे मी लिहून देते आहे आणि खाली सही करते आहे, म्हणजे तुला माझ्यावर संशय घ्यायला नको.

अस्मर, बाबांची मुलगी


रेझबर महिना, तारीख नऊ, दुपार

ब्राइम,

हे पत्र मिनीबसने जात नाही. नानच्या फडक्यात बांधून मशिदीमागे पाठवते आहे. तू झाडावर असशील.

सहा दिवस झाले तुला येऊन. खिदरच्या घरी राहतोस, तिथेच जेवतोस, सकाळी माझ्या दारावरून कुऱ्हाड घेऊन जातोस आणि खोकतोस. तो खोकला खरा नाही, हे मला कळतं. मीही त्याच वेळी अंगण झाडते. अंगण रोज झाडावं इतकं घाण नसतं.

फातम म्हणाली, "भाऊ तुझा फार थोडं जेवतो गं, दात नाहीत ना." मी म्हटलं, तू मीठ जास्त घालत असशील. आम्ही दोघी हसलो, उन्हाळ्यापासून पहिल्यांदा. तिला मी मधाची अर्धी बरणी दिली.

काल तू खिदरकडे परत गेल्यावर मी रानात गेले होते. होय, बघायला गेले होते. कितीही झालं तरी मी मीच. तू प्रत्येक झाडाच्या निम्म्या फांद्या आणि शेंडा ठेवला आहेस. शिवाय प्रत्येकाची उन्हाकडची एक फांदी जास्तीची ठेवली आहेस. ते माम वुसूने सांगितलेलं नव्हतं. भारे मोजले, दोनशे दहा. जे भुरीने पार पांढरे झाले होते ते तू वेगळे ठेवलेत, चुलीसाठी. मी एक पान चावून बघितलं. कडू आहे, पण शेळ्या खातील. एकोणीस जणींना बर्फ वितळेपर्यंत नाही, पण शेळ्या कमी केल्या तर पुरेल. सात विकते. बारा राहतील, पूर्वी होत्या तेवढ्या.

आता उरली गंजी. भारे झाडावर रचून वर दगडांची वजनं लोंबकळत सोडल्याशिवाय पहिल्या वाऱ्यात पाला उडून जातो. ते काम एकट्याचं नाही. एक जण वर झाडावर, एक जण खाली. तू आज खिदरला विचारलंस, मला माहीत आहे. तो म्हणाला, पाठ दुखते. त्याच्या मुलांना विचारलंस, त्यांना अचानक बानेला काम निघालं. माम वुसूच्या नातवांना विचारलंस, त्यांनी तुझ्याकडे बघून जमिनीकडे बघितलं.

त्या सगळ्यांना मी सांगितलं आहे, जायचं नाही म्हणून. गावात माझा शब्द आता कुणी ऐकत नाही, पण हा सगळ्यांनी ऐकला.

कुऱ्हाड मला मना आहे. भारे उचलायला मना नाही, मी विचारून घेतलं. उद्या सकाळी मी येते. तू वर राहा. भारे मी खालून दुबेळक्या काठीने वर देईन. मग दगड. मी दोरीला दगड बांधायचा, तू वर ओढून गंजीवरून पलीकडे सोडायचा, आणि तोपर्यंत मी खाली वाकून दुसरा बांधायचा. असे चाळीस दगड.

बाबांच्या वेळी मी खाली असायचे तेव्हा प्रत्येक दगड डोक्यावर पडेल म्हणून वर बघायचे. बाबा ओरडायचे, वर बघत बसलीस तर संध्याकाळ होईल. उद्या मी वर बघणार नाही.

अस्मर